नंबर माणसाला द्या, यंत्राला नको

हौसेखातर उडवल्या जाणाऱ्या ड्रोनची सरकारदरबारी नोंद असावी का, यावरून ड्रोन उडवणाऱ्या आमच्या रविवारच्या मंडळींत दर आठवड्याला वाद होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. नोंद असावीच. वर घोंघावणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे खाली नाव-गाव असलेला एक माणूस उभा आहे, हे ज्याच्या डोक्यावरून ते जातं त्याला कळलं पाहिजे. मात्र आजची नोंदणीची पद्धत घरी ड्रोन बांधणाऱ्याला लागूच पडत नाही, आणि त्यामुळे चांगली पोरं एक तर हौस सोडून देतात, नाहीतर लपूनछपून उडवायला लागतात. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच सलतात.

मी यंत्रमागांच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डचे बोर्ड दुरुस्त करतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि पूर्व भागात माझी रोजची फेरी असते. चादरीवर नक्षी उमटवणारा तो बोर्ड बसला की अख्खा माग थांबतो आणि कारखानदार आपल्या पाठीशी येऊन उभा राहतो. दिवसभर त्या बोर्डांवर चालणारं सोल्डरिंग रात्री ड्रोनवर चालतं. माझ्याकडे एक जुना, कंपनीचा ड्रोन आहे, तो रीतसर नोंदलेला आहे. बाकीचे आम्ही स्वतः बांधलेले. आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फ्लाइट कंट्रोलरमधलं, म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या बोर्डातलं, ट्यूनिंग त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो आणि अर्धं गाव गच्चीवर झोपायला जातं. पाण्याचा सडा मारायचा, गाद्या टाकायच्या, उशाशी तांब्या. लेकीसुना, म्हाताऱ्या, अंगावरचं पोर घेऊन झोपलेली बाई, सगळ्या उघड्यावर. शेजारच्या गच्चीवरचा माणूसही त्या वेळी तिकडं पाठ करून झोपतो. हा शिष्टाचार कुणी लिहून ठेवलेला नाही, पण गल्लीत तो सगळे पाळतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या अक्का मला गाठून म्हणाल्या, "तुमचं ते मशीन रातच्याला आमच्या गच्चीवर काय बघलालंय ओ?" माझं नव्हतं. मी गावात उडवत नाही आणि अंधारात तर नाहीच. पण अक्कांना ते कसं कळणार? त्यांना दिसला तो एक लाल-हिरवा दिवा आणि ऐकू आला तो पंख्यांचा आवाज. त्या रात्रीपासून त्यांच्या दोन्ही सुना गच्चीवर येईनाशा झाल्या. त्या उकाड्यात खाली, पत्र्याच्या खोलीत झोपायला लागल्या.

मला या प्रसंगाचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. बाईचं तिच्या खासगी क्षणांत चोरून चित्रण करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ७७ आहे. पण तक्रार लिहायला बसलं की पहिला प्रश्न येतो, कुणाविरुद्ध? गच्चीवर डोकावणारा माणूस असता तर गल्लीनं त्याला ओळखलं असतं. ड्रोनमुळे बघणारा अर्धा किलोमीटर लांब, अंधारात बसून राहू शकतो. नोंदणी मला सगळ्यात आधी हवी आहे ती या कारणासाठी. विमानं आणि देशाची सुरक्षा हे विषय मोठे आहेत, पण अक्कांच्या सुनांची झोप माझ्या लेखी लहान नाही.

भाचा म्हणतो, "मामा, असली पोरं थोडीच नोंद करणार आहेत?" त्याचं म्हणणं सरळ आहे: ज्याला वाईट करायचंय तो नंबर घेणार नाही, आणि ज्याला काही करायचं नाही त्याच्यामागे फॉर्मचा त्रास लागणार. मी यावर बराच विचार केलाय. सगळे नोंदतील असं मलाही वाटत नाही. पण नोंद करणारे जितके वाढतील तितका न नोंदलेला वेगळा उठून दिसेल. आज सगळेच बिननावाचे, म्हणून सगळेच संशयित.

हे मी अनुभवानं म्हणतोय. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर त्यातून टेहळणी करतात, अशी हाकाटी उठली होती. आठवत असेल. गावोगाव माणसं काठ्या-बॅटऱ्या घेऊन रात्र-रात्र जागत होती. त्यात खरं किती आणि अफवा किती हा भाग सोडा, भीती खरी होती. माझी सासुरवाडी बार्शी तालुक्यात. त्या दिवसांत आम्ही रात्री उशिरा पोचलो, तर वेशीवरच गाडी अडवली. डिकीत माझा ड्रोन. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याच्या तुरीत पाणी कुठं साचलंय ते वरून बघायचं होतं म्हणून बरोबर घेतलेला. डिकी उघडल्यावर जो गलका झाला तो सांगत नाही. बायको घाबरून गेली होती.

शेवटी पोलीस पाटील आले. ड्रोनच्या दांडीवर चिकटवलेला नोंदणी क्रमांक आणि पाकिटातला त्याचा कागद मी दाखवला. पाटलांनी बॅटरीच्या उजेडात आकडे एकेक करून जुळवले, माझं आधार कार्ड पाहिलं, ठाण्यात फोन लावला. पाच-दहा मिनिटांत माणसं शांत झाली. एकानं तर विचारलं, "उद्या आमच्या पण वावरावर फिरवता का?" शंभर रुपये फी भरून मिळालेल्या त्या क्रमांकानं त्या रात्री माझी अब्रू वाचवली. माझ्याजवळ तो नसता तर? किंवा तिथं माझ्याऐवजी भाचा त्याचा स्वतः बांधलेला ड्रोन घेऊन उभा असता तर?

आता विमानतळाचं. होटगी रोडच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. त्यावरून शहरात केवढं रान पेटलं होतं हे मी परत उकरत नाही, दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत. ९० मीटरच्या आसपास उंचीची ती चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून गेली. पुढे ९ जून २०२५ ला गोव्याचं पहिलं विमान उडालं. आता दुकानातून आणलेला साधा कॅमेऱ्याचा ड्रोन तेवढ्याच उंचीवर जायला मिनिटभरही घेत नाही. चिमणी निदान एका जागी उभी होती, नकाशावर होती, वैमानिकाला ठाऊक होती.

मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं धावपट्टीकडे येतं. म्हणजे धावपट्टी २ किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून १०० मीटरच्या आसपास असतं. ५ किलोमीटरवर २६० मीटर. होटगी रोडच्या एखाद्या अपार्टमेंटच्या गच्चीवरून "जरा वर नेऊन बघू" म्हणणारं पोरगं आणि सत्तर माणसांचं विमान एका पातळीवर यायला फार काही लागत नाही.

ड्रोन नियम, २०२१ मध्ये याची मांडणी स्पष्ट आहे, आणि मला ती पटते. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत मोकळीक. त्याच्या पलीकडे, बंदीचा लाल किंवा परवानगी लागणारा पिवळा विभाग नसेल तर, १२० मीटरपर्यंत. सोलापूरला याचा अर्थ काय होतो? सात रस्ता, नवी पेठ, होम मैदान, सिद्धेश्वर मंदिर, हे सगळं त्या ८ किलोमीटरच्या आत. म्हणजे गावात परवानगीशिवाय उडवणं जवळजवळ बंद. विमानं सुरू होईपर्यंत कुणाला याचं सोयरसुतक नव्हतं, आणि सुरू झाल्यावरही ज्या दुकानातून पोरं ड्रोन घेतात तिथं कुणी हे सांगत नाही. खोक्याबरोबर एक मराठी कागद द्यायला काय हरकत आहे? "या दुकानापासून विमानतळ इतक्या किलोमीटरवर आहे, इथं उडवू नका." एवढंच.

बाहेरच्या दोन घटना मी आमच्या मंडळींना नेहमी सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या खबरींनी सुमारे १,००० उड्डाणं बिघडली, १ लाख ४० हजारांच्या आसपास प्रवासी अडकले. ते कुणी केलं हे आजवर सापडलं नाही. दुसरी जानेवारी २०२५ ची. लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला एका हौशी माणसाचा ड्रोन धडकला, पंखाला भोक पडलं आणि ऐन वणव्यात ते विमान जमिनीवर बसलं. त्यानं ड्रोन अडीच किलोमीटर लांब नेला होता, नजरेच्या पार. वाईट हेतू नव्हता, नुसती उत्सुकता. तो मात्र सापडला आणि त्यानं गुन्हा कबूल केला. उत्सुकतेला कुंपण लागतं ते असं. नजरेबाहेर न्यायचं नाही, हा नियम मी भाच्याला सोल्डरिंगच्या आधी शिकवला.

सिद्धेश्वराची यात्रा. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, निघाले, "एकदा भक्तलिंग हर्र" झालं की कुणालाही वाटतं हे वरून टिपावं. मलाही वाटतं, दर वर्षी वाटतं. पण संमती कट्ट्यापाशी अक्षतेच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या, वेळी पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीवर कुठल्याही हौशी माणसाचा ड्रोन नको, माझासुद्धा नको. ड्रोनची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी थंडीत अचानक मान टाकते. एक पंखा तडकला तर चार मोटरींचं यंत्र हवेत तरंगत नाही, दगडासारखं खाली येतं. किलोभर वजन ५० मीटरवरून पडलं तर खालच्याचं काय होईल ते सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. शिवाय नंदीध्वज पेलणारा माणूस सगळा भार अंगावर घेऊन, तोल सांभाळत चालत असतो, त्याच्या डोळ्यांसमोर काही भिरभिरलं तर? नियमांत पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला तात्पुरता लाल विभाग जाहीर करता येतो, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. तैलाभिषेक, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम आणि कप्पडकळी मिळून यात्रा त्याहून लांबते, तेव्हा आदेश दोनदा काढावा. आषाढीला पंढरपुरातही तसंच. यात मला हौशी लोकांवर अन्याय दिसत नाही. ज्यांना चित्रीकरणाची रीतसर परवानगी आहे, प्रशिक्षण झालंय, त्यांनी करावं आणि आपण घरी टीव्हीवर बघावं.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याबद्दल तर बोलूच नका. माळढोक आता दिसणंच मुश्किल झालंय, निदान काळवीट आणि लांडगे तरी सुखानं राहू देत. तिथं ड्रोन नेणाऱ्याला मी आमच्या मंडळींत घेत नाही.

इतकं सगळं पटत असताना मग माझं भांडण कशाशी आहे?

भाच्यानं बांधलेला ड्रोन गेले कितीतरी महिने एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उडतोय. माग भंगारात गेले, शेड रिकामी आहे, मालकांनी आम्हाला वापरायला दिली. मधोमध मासेमारीची जाळी लावून आम्ही तिथं घिरट्या घालतो. पोरगं जाळीच्या आत अप्रतिम उडवतं. पण आकाशाखाली न्यायचं म्हटलं की क्रमांक लागतो, आणि क्रमांक यंत्राला मिळतो. नियमांत शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठीच्या, २५ किलोपर्यंतच्या आणि नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या मॉडेल ड्रोनला टाईप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीला चाचणीनंतर मिळणारं प्रमाणपत्र, माफ आहे, हे चांगलंच आहे. दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायासाठी नसेल तर उडवणाऱ्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हेही चांगलं. पण नोंदणीचा साचा कंपनीच्या मालाचा आहे. क्रमांक जोडायचा तो कारखानदारानं दिलेल्या ड्रोनच्या अनुक्रमांकाशी, फ्लाइट कंट्रोलरच्या अनुक्रमांकाशी आणि रिमोटच्या अनुक्रमांकाशी. फ्लाइट कंट्रोलर बदलला की नवा आकडा कळवायचा.

कंपनीच्या ड्रोनला हे बरोबर आहे. पण घरी बांधणाऱ्याचा ड्रोन कधी पुरा होत नसतो. आज सांगाडा मोडला, उद्या मोटर जळाली, परवा कंट्रोलरवर चुकीच्या टोकाला प्लस गेला आणि धूर निघाला. एकाच सांगाड्यावर तीन कंट्रोलर आलटूनपालटून बसतात, एकाच रिमोटवर चार यंत्रं चालतात. यातला "ड्रोन" नेमका कुठला, हेच आम्हाला सांगता येत नाही. आणि कारखानदार कोण? सोलापुरातलं एकोणीस वर्षांचं पोरगं?

त्यात ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनची आयात बंद आहे आणि सुटे भाग मात्र आणता येतात. म्हणजे धोरणच सांगतंय, बांधा. बांधावंच, मला ते मनापासून पटतं. पण बांधलेलं नोंदवायची वाट अरुंद ठेवायची, याला काय अर्थ आहे?

माझ्या वडिलांच्या सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा. वर्षाला थोडे पैसे भरायचे आणि बिल्ला हँडलजवळ लावायचा. ट्यूब बदलली, चेन बदलली, सीट बदललं, बिल्ला तोच. हौशी ड्रोनला तसाच क्रमांक हवा, आणि तो माणसाच्या नावावर हवा. अमेरिकेत करमणुकीसाठी उडवणाऱ्यांना असंच आहे. पाच डॉलर भरले की तीन वर्षांसाठी एक क्रमांक, आणि तोच आपल्या सगळ्या यंत्रांवर बाहेरून दिसेल असा लावायचा. तिथं २०१५ च्या डिसेंबरमध्ये नोंदणी आली, २०१७ च्या मे महिन्यात कोर्टानं हौशी लोकांपुरती ती रद्द केली आणि त्याच वर्षाअखेर कायदा करून ती परत आणली. इतकी घासाघीस होऊनही क्रमांक माणसाचाच राहिला. आपल्याकडे आधार आहे, मोबाइल आहे, शंभर रुपयांची फी आहे. अडचण कुठली?

आपला इतिहासही बघा. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, एक नोटीस काढून सगळंच बंद केलं, तरी बाजारात ड्रोन विकले जातच होते. १ डिसेंबर २०१८ पासून नियम आले. मार्च २०२१ च्या नियमांत फॉर्म २५ होते, ऑगस्ट २०२१ मध्ये ते ५ वर आणले. ज्यानं २५ चे ५ केले त्या सरकारला हौशी माणसासाठी एक सोपा फॉर्म करणं जड जाऊ नये. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याचा जो मसुदा आला, त्यात कैदेपर्यंतच्या शिक्षा, विम्याची सक्ती, जप्तीचे अधिकार हे सगळं वाचून मला काळजी वाटली. गच्चीवर डोकावणाऱ्याला कैद व्हावी, माझी ना नाही. माळरानावर, दिवसाउजेडी, स्वतःचा ड्रोन नजरेसमोर उडवणाऱ्या पोराला कागदाच्या एका चुकीपायी पोलीस ठाण्याची पायरी चढायला लागू नये.

कारण ही पोरं उद्या लागणार आहेत. आपल्या जिल्ह्यात डाळिंब आहे, द्राक्ष आहे, ऊस आहे. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. फवारणीचे ड्रोन शेतावर यायला लागलेत, नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांच्या बायका ते चालवायला शिकतायत. तो ड्रोन भर हंगामात बंद पडला तर दुरुस्त कोण करणार? मागाचा बोर्ड बिघडला की मला फोन येतो तसा फोन कुणाला तरी जायला हवा. आज शेडमध्ये जाळीच्या आत घिरट्या घालणारं पोरगंच ते काम करणार आहे.

मी मागण्या लिहून काढल्यात, ओळखीच्या लोकप्रतिनिधींकडे आणि मंत्रालयाला ई-मेलनं पाठवल्यात. हौशी माणसाला त्याच्या नावानं एक क्रमांक, मराठीतून, मोबाइलवर भरता येईल अशा फॉर्मनं. क्रमांक देण्याआधी वीस प्रश्नांची सोपी परीक्षा, त्यात विमानतळाचं अंतर, गर्दी, गच्च्या आणि अभयारण्य यांवर प्रश्न असलेच पाहिजेत. क्रमांक टाकला की माणूस कोण हे पोलीस ठाण्याला लगेच कळावं, पण बाकी कुणाला त्याचा पत्ता दिसू नये. आणि प्रत्येक तालुक्यात उडवायला एक ठरलेली जागा.

जागेचं आम्ही स्वतःच बघायला सुरुवात केली आहे. हिप्परग्याच्या बरंच पुढे, तुळजापूर रस्त्याला एका शेतकऱ्याचं मुरमाड रान आहे. पीक नाही, वस्ती नाही, विजेची मोठी लाईन लांब. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर ते हिरव्यात, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या विभागात, येतं हे दर वेळी निघण्याआधी पुन्हा बघायचं, सरपंचांना आदल्या दिवशी फोन करायचा, सकाळी दहाच्या आत आवरायचं. दहानंतर तिथं वारं सुटतं. ज्यांचा ड्रोन नोंदलेला आहे त्यांनी जरूर यावं. ज्यांचा नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळी शेडवर यावं. जाळी आहे, चार्जर आहे, आणि फॉर्म भरायला बसलात तर मी शेजारी बसेन.